दोनदा सोळा वर्षे : रेट सिंड्रोमच्या संशोधनाला पैसा कुठून आला आणि कुठे अडला

मुलगी सहा-आठ महिन्यांची होईपर्यंत सगळे ठीक असते. ती हसते, बसते, हात पुढे करून खेळणे धरते, एखाद-दुसरा शब्दही बोलू लागते. मग पहिल्या-दुसऱ्या वर्षात कधीतरी वाढ थबकते आणि मिळवलेले हातचे जाऊ लागते. शब्द जातात. खेळणे धरणारे हात दिवसभर एकमेकांवर चोळले जातात, जणू ती सारखी हात धूत बसली आहे. पुढे फिट्स येतात, श्वास मध्येच रोखला जातो, चाल बिघडते, कणा वाकतो. हा रेट सिंड्रोम. साधारण दहा हजार मुलींमागे एकीला तो होतो. मुलग्यांमध्ये तो फार क्वचित दिसतो, आणि दिसतो तेव्हा बहुधा अधिक तीव्र असतो.

दुर्मिळ जनुकीय आजारांवरच्या संशोधनाला अनुदान कसे द्यावे, या प्रश्नावर बोलायचे तर मला हेच प्रकरण आधी पुढे ठेवावेसे वाटते. मेंदूच्या विकासाशी निगडित आजारांपैकी फार थोड्यांचा प्रवास इतका पूर्ण आहे : डॉक्टरांच्या नजरेला पडलेले साम्य, मग जनुक, मग उंदीर, मग मंजूर औषध, आणि आता जनुकोपचाराच्या चाचण्या. या प्रवासात सोळा वर्षांचे दोन पट्टे आहेत. १९८३ ते १९९९ जनुकाचा शोध. २००७ ते २०२३ उंदरापासून औषधापर्यंत. दोन्ही पट्ट्यांत खरी अडचण एकच होती. प्रश्न सोळा वर्षांचा होता, आणि पालकांच्या संस्थांची अनुदाने एक-दोन वर्षांची, सरकारी अनुदाने फार तर पाच वर्षांची.

पहिला पट्टा : जुगार वाटणारा प्रश्न

व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांना १९५४ मध्ये आपल्या दवाखान्याच्या बाकावर दोन मुली आयांच्या मांडीवर बसलेल्या दिसल्या. दोघींचे हात अगदी सारखे चालत होते. त्यांनी जुन्या नोंदी चाळल्या, आणखी मुली सापडल्या, आणि १९६६ मध्ये जर्मन भाषेत निबंध छापला. तो फारसा कोणी वाचला नाही. स्वीडनमधले बेंग्ट हॅगबर्ग स्वतंत्रपणे अशाच मुलींच्या नोंदी ठेवत होते. १९८३ मध्ये त्यांनी फ्रान्स व पोर्तुगालच्या सहकाऱ्यांसोबत ३५ मुलींचे वर्णन इंग्रजीत प्रसिद्ध केले आणि आजाराला रेट यांचे नाव दिले. म्हणजे पहिल्या निबंधानंतर सतरा वर्षे हा आजार वैद्यकजगासाठी जवळपास नव्हताच. ज्या आजाराला नाव नाही त्यासाठी अनुदानाचा अर्ज तरी कोण करणार?

त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये मेंदूविकारांचे प्रशिक्षण घेणाऱ्या हुडा झोग्बी यांनी अशी एक मुलगी तपासली, आणि थोड्याच दिवसांत दुसरी. आजार जनुकीय असावा असे त्यांना वाटले. पण सिद्ध कसे करायचे? जनुक शोधण्याची तेव्हाची वाट मोठ्या कुटुंबांमधून जात होती. तीन-चार पिढ्या, बाधित आणि निरोगी माणसे, त्यांचे रक्त, आणि गुणसूत्राचा कोणता तुकडा आजाराबरोबर खाली उतरतो याचा माग. रेट मात्र जवळजवळ नेहमी घरातल्या एकाच मुलीला होतो, कारण बिघाड त्या मुलीत नव्यानेच झालेला असतो. आईवडील निरोगी, बहिणी निरोगी. एकाच कुटुंबात दोन बाधित मुली असलेली घरे जगभरात हातावर मोजण्याइतकी होती. आजार जनुकीय आहे की नाही हेच ठरलेले नाही, तर जनुक शोधायला पैसे का द्यायचे, असे एखाद्या परीक्षकाला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. प्रस्ताव तपासणाऱ्याच्या हाती जे निकष असतात, त्यांत हा प्रश्न जुगारच ठरतो.

झोग्बी यांनी दुसरा आजारही हाती घेतला. चालताना तोल हळूहळू घालवणारा, पिढ्यानपिढ्या चालणारा, मोठ्या कुटुंबांतून दिसणारा एक मेंदूविकार होता. त्याचे जनुक मिनेसोटातल्या हॅरी ऑर यांच्यासोबत १९९३ मध्ये सापडले. रेटचे काम बाजूने चालू राहिले. हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण ‘बाजूने’ म्हणजे काय ते पाहा. रेटच्या मुलींचे नमुने जमवायचे, साठवायचे, एक्स गुणसूत्रावरचे एकेक जनुक तपासून बाद करायचे. प्रत्येक बाद झालेले जनुक म्हणजे महिन्यांचे काम, आणि निष्कर्ष ‘हे नाही’. असे ‘हे नाही’ कोणत्याही वार्षिक अहवालात शोभत नाही.

१९९६ मध्ये झोग्बी हॉवर्ड ह्यूजेस मेडिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधक झाल्या. ही संस्था प्रकल्पाला पैसा देण्याऐवजी माणसाला देते. काही वर्षांसाठी माणूस निवडायचा आणि काय शोधायचे ते त्याच्यावर सोपवायचे. तीन वर्षांनी, १९९९ मध्ये, झोग्बी यांच्या प्रयोगशाळेतल्या रुथी अमीर यांना रेटच्या मुलींमध्ये एमईसीपी२ या जनुकातले बदल सापडले. स्टॅनफर्डच्या उटा फ्रांके यांचा गटही या शोधात सहभागी होता. दोन्ही गोष्टींत सरळ कार्यकारण आहे असा दावा मी करणार नाही. पण बाद करण्याच्या कामाला ज्या प्रकारचा पैसा मानवतो, तो असाच, हे मला पटलेले आहे.

एडिनबरोतले प्रथिन

एमईसीपी२ नवे नव्हते. या जनुकापासून बनणारे, त्याच नावाचे प्रथिन एडिनबरोत एड्रियन बर्ड यांनी १९९२ मध्येच वेगळे केले होते. त्यांचा प्रश्न पूर्ण वेगळा होता. डीएनएवर जागोजागी मिथाइलची रासायनिक खूण असते, ती खूण वाचतो कोण? एमईसीपी२ ही खूण ओळखून तिला चिकटते. बर्ड यांच्या कामात मुलगी नव्हती, दवाखाना नव्हता, आजाराचे नावही नव्हते. १९९९ मध्ये अचानक कळले की याच प्रथिनाचा बिघाड म्हणजे रेट सिंड्रोम.

रुग्णांसाठी पैसा उभा करणाऱ्या अनेकांना शुद्ध संशोधनाला दिलेला पैसा दूरचा वाटतो. आपली मुलगी समोर आहे, आणि कोणीतरी डीएनएवरच्या खुणा मोजतो आहे, याने जीव तळमळतो. ती तळमळ खरी आहे. तरीही इथे झाले असे की, जनुक हाती आले त्या दिवशी प्रथिन, त्याच्या तपासण्या आणि ते कोळून प्यायलेला माणूस तयार होता. म्हणूनच दोनच वर्षांत, २००१ मध्ये, एडिनबरोत बर्ड यांनी आणि अमेरिकेत रूडॉल्फ येनिश यांनी स्वतंत्रपणे एमईसीपी२ नसलेले उंदीर तयार केले. उंदरांमध्ये रेटसारखीच लक्षणे दिसली : थरथर, बिघडलेला श्वास, अकाली मृत्यू.

१९९९ हे आणखी एका कारणाने महत्त्वाचे वर्ष आहे. एका रेटग्रस्त मुलीची आई मोनिका कोएनराड्स आणि काही पालक यांनी त्या वर्षी रेट सिंड्रोम रिसर्च फाउंडेशन सुरू केले. कुटुंबांना आधार देणारी संघटना १९८० च्या दशकापासून होतीच. ही नवी संस्था मात्र फक्त संशोधनाला पैसा देण्यासाठी होती. जनुक सापडल्याबरोबर पालकांनी पैसा उभा करायला सुरुवात केली, हा योग जुळला नसता तर पुढचा अध्याय घडायला किती उशीर झाला असता, कोण जाणे.

२००७

आता या प्रकरणातला सर्वांत मोलाचा प्रयोग.

तेव्हाची सर्वसाधारण समजूत अशी होती की, मेंदूची घडण एकदा चुकली की चुकली. इमारतीचा पायाच वाकडा असेल तर वर दुरुस्ती काय करणार? हीच समजूत अनुदानांवरही पसरलेली होती. दुरुस्ती शक्यच नसेल तर निदान, समुपदेशन आणि काळजी एवढेच उरते, उपचारावर पैसा लावणे वाया. या समजुतीविरुद्ध एक खूण मात्र होती. रेटच्या मेंदूत चेतापेशी मरत नाहीत. त्या लहान राहतात, त्यांच्या फांद्या कमी असतात, पण त्या जिवंत असतात.

बर्ड यांच्या गटाने असे उंदीर घडवले की त्यांच्या एमईसीपी२ जनुकात मध्येच एक अडसर बसवलेला होता. उंदीर जनुकाविना वाढत. पण त्यांना टॅमॉक्सिफेन हे औषध टोचले की अडसर निघून जाई आणि जनुक सुरू होई. उंदीर आजारी पडेपर्यंत, काही तर मरणाच्या दारात पोहोचेपर्यंत, त्यांनी वाट पाहिली. पहिल्या फेरीत औषध झपाट्याने दिले तेव्हा बरेच उंदीर दगावले. मग डोस आठवड्यातून एकदा, सावकाश दिले. त्यानंतर जे दिसले ते जगभरच्या पालकांनी व्हिडिओवर पाहिले. एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, थरथरणारा उंदीर काही आठवड्यांनी पिंजऱ्यात हिंडत होता. प्रौढ मादी उंदरांमध्येही सुधारणा दिसली, आणि हे जास्त महत्त्वाचे, कारण रेटच्या मुलींसारखेच त्यांच्या साधारण निम्म्या पेशी निरोगी आणि उरलेल्या बिघडलेल्या असतात.

या प्रयोगाला पैसा दिला वेलकम ट्रस्टने आणि पालकांनी उभारलेल्या रेट संस्थांनी. ही जोडी मला बोलकी वाटते. एकीकडे दीर्घकाळ मूलभूत काम पोसणारा मोठा ट्रस्ट, दुसरीकडे प्रश्नाचे उत्तर आपल्या घरात हवे असलेले लोक. एरवी ज्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ येईल असे बहुतेकांना वाटते, तो विचारायला पैसा मिळत नाही. इथे मिळाला, आणि उत्तर ‘होय’ आले.

पण एक सावधगिरी इथेच सांगितली पाहिजे, कारण २००७ चा दाखला पुढे दुसऱ्या आजारांच्या प्रस्तावांतही दिला जाऊ लागला. रेटमध्ये जे उलटले ते सगळीकडे उलटेल असे नाही. अँजेलमन सिंड्रोम हा असाच एका जनुकाचा आजार. त्याच्या उंदरांवर २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशाच पद्धतीने जनुक वेगवेगळ्या वयात सुरू करून पाहिले. हालचालींमधला दोष पौगंडावस्थेतही सुधारला, पण चिंता आणि पुन्हा पुन्हा एकच कृती करण्याची लक्षणे सुधारायला जनुक फार लवकर सुरू व्हावे लागत होते. ‘उशीर झाला आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक जनुकासाठी वेगळा विचारावा लागतो, आणि त्या प्रत्येक प्रश्नाला वेगळा पैसा लागतो. एका आजाराच्या यशावर दुसऱ्याचा प्रस्ताव उभा करणे मला घाईचे वाटते.

मधला काळ : कोणाला न दिसणारे काम

उंदीर बरा झाल्याची बातमी आल्यावर पालकांनी विचारले, आता मुलींचे काय? उत्तर देण्यासाठी ज्या गोष्टी हाताशी हव्या होत्या त्यांतल्या अर्ध्या नव्हत्या. उरलेल्या अर्ध्या होत्या त्या एका कंटाळवाण्या अनुदानामुळे.

अमेरिकेत २००२ मध्ये दुर्मिळ आजारांविषयीचा कायदा झाला आणि त्यानंतर राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी दुर्मिळ आजारांच्या संशोधनकेंद्रांचे जाळे उभे केले. त्यात रेट, अँजेलमन आणि प्रेडर-विली या तीन आजारांचा एक गट होता. अलाबामातले अ‍ॅलन पर्सी आणि त्यांचे सहकारी यांनी रेटच्या ‘नैसर्गिक वाटचालीचा’ अभ्यास हाती घेतला. २००६ पासून नोंदणी सुरू झाली आणि २०२१ पर्यंत तो चालला. एक हजाराहून जास्त मुली व स्त्रिया. औषध नाही, उपचार नाही. वर्षातून एक-दोनदा भेट, वजन, उंची, डोक्याचा घेर, फिट्स, श्वास, हातांचा वापर, चाल, बोलणे. बस.

अशा अभ्यासाला गृहीतक नसते. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ‘आम्ही अमुक सिद्ध करू’ असे लिहिता येत नाही. ‘आम्ही पाहू आणि लिहून ठेवू’ एवढेच लिहिता येते. त्यातून काय निघाले ते बघा. रेटच्या मुलींसाठी स्वतंत्र वाढीचे तक्ते झाले. तोवर प्रत्येक मुलगी सर्वसाधारण तक्त्यावर खालच्या रेषेच्याही खाली दिसायची, आणि डॉक्टरांना कळायचे नाही की ही आजाराची वाढ आहे की ती उपाशी राहते आहे. जनुकातला कोणता बदल किती तीव्र आजार देतो, याचा अंदाज आला. निदानाचे निकष २०१० मध्ये नव्याने ठरले. यातले काहीही बातमी होण्यासारखे नव्हते. पण पोटात नळी बसवायची की नाही हे ठरवणाऱ्या आईला वाढीचा तक्ता कोणत्याही बातमीपेक्षा जवळचा असतो.

जे नव्हते ते म्हणजे औषधाचा परिणाम मोजण्याचे चांगले माप. चाचणीत वापरायला जे हाती होते ते रेटच्या वर्तनाची प्रश्नावली. ब्रिटनमध्ये २००२ मध्ये तयार झालेली, ४५ प्रश्नांची, पालकांनी भरायची, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते दोन गुण. ती बनवण्याचा मूळ हेतू रेट आणि इतर गंभीर बौद्धिक अक्षमता यांच्यातला फरक ओळखणे हा होता. औषधाने किती फरक पडला हे मोजायला ती घडवलेली नव्हती. पण पर्याय तयार करायला वेळ आणि पैसा लागतो, आणि ‘आम्हाला मोजपट्टी बनवायची आहे’ या प्रस्तावावर कोणाचे डोळे चमकत नाहीत. या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक मला हीच वाटते. जनुक आणि उंदीर यांच्या मागे पैसा गेला, मोजपट्टी मागे पडली, आणि तिची किंमत पुढे चाचणीत मोजावी लागली.

औषध

ट्रोफिनेटाइड हा रेणू रेटसाठी जन्मला नव्हता. न्यूझीलंडमध्ये त्याचे मूळ आहे आणि आधी तो डोक्याला झालेल्या इजेवर तपासला गेला. मेंदूत वाढघटकाचा एक छोटा तुकडा सुटतो, त्याची ही टिकाऊ नक्कल. त्याच तुकड्याने रेटच्या उंदरांत सुधारणा होते असे अमेरिकेतल्या एका विद्यापीठीय गटाने २००९ मध्ये दाखवले होते. न्यूरेन या छोट्या कंपनीने रेटच्या रुग्णांत दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्या केल्या, आणि त्यात पालकांच्या संस्थेचाही पैसा होता. मोठ्या कंपन्या अशा वेळी दूर उभ्या असतात. रुग्ण थोडे, माप कच्चे, आधीचे उदाहरण नाही. त्या पहिल्या पुलापुरता अनुदानाचा पैसा लागतो.

तिसऱ्या टप्प्यात अकेडिया कंपनीने ५ ते २० वयाच्या १८७ मुली-तरुणींना बारा आठवडे औषध किंवा औषधासारखे दिसणारे पण निष्क्रिय द्रव दिले. प्रश्नावलीतले गुण औषध घेणाऱ्या गटात सरासरी ४.९ ने उतरले, दुसऱ्या गटात १.७ ने. कमी गुण म्हणजे कमी त्रास. फरक खरा आहे, पण लहान आहे. आणि ८० टक्के मुलींना जुलाब झाले. १० मार्च २०२३ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन वर्षे व त्यावरील वयाच्या रुग्णांसाठी ते मंजूर केले. रेटवरचे पहिले मंजूर औषध.

काही घरांत ते औषध चालू आहे आणि मुलगी पहिल्यांदा नजरेला नजर देऊ लागली असे आईवडील सांगतात. काही घरांत जुलाबामुळे ते बंद करावे लागले. ४५ प्रश्नांच्या बेरजेतून नजरेला नजर देणे वेगळे काढता येत नाही. मोजपट्टीबद्दल वर जे लिहिले ते यासाठी.

या टप्प्यावर पैशाची दिशा उलटली. दुर्मिळ बालआजारावर औषध मंजूर झाल्याने अकेडियाला शासनाकडून एक व्हाउचर मिळाले. ते वापरून कोणत्याही दुसऱ्या औषधाची तपासणी लवकर करून घेता येते, आणि ते विकताही येते. २०२४ मध्ये ते १५ कोटी डॉलरना विकण्याचा करार झाला. कंपनीने जोखीम घेतली, तिला मोबदला मिळावा, याला माझी हरकत नाही. प्रश्न अनुदान देणाऱ्यांच्या करारांचा आहे. सिस्टिक फायब्रोसिसच्या पालकांच्या संस्थेने औषधनिर्मितीला पैसा देताना विक्रीतला वाटा लिहून घेतला होता, आणि २०१४ मध्ये तो हक्क ३३० कोटी डॉलरना विकून सगळी रक्कम पुन्हा आजाराच्या कामाला लावली. दुर्मिळ आजाराच्या छोट्या संस्थांना सुरुवातीला असे कलम मागायला संकोच वाटतो, कंपनी निघून जाईल अशी भीती असते. तरीही ते मागावे.

जनुकोपचार, आणि जुन्या वह्या

२००७ चा उंदीर पाहून सर्वांच्या मनात आले होते तेच आता घडते आहे : निरोगी जनुक विषाणूच्या कवचात घालून मेंदूपर्यंत पोहोचवणे. अडचण अशी की एमईसीपी२ कमी पडले तर रेट, आणि जास्त झाले तरी गंभीर आजार. २००५ पासून माहीत आहे की हे जनुक दुप्पट असलेल्या मुलग्यांना बौद्धिक अक्षमता, फिट्स आणि वारंवार संसर्ग होतात. म्हणजे मेंदूतल्या अब्जावधी पेशींत, ज्यांपैकी निम्म्या आधीच निरोगी आहेत, मोजून-मापून जनुक पोहोचवायचे. कोएनराड्स यांनी २००८ मध्ये स्थापलेल्या रेट सिंड्रोम रिसर्च ट्रस्टने यासाठी एकमेकांचे प्रतिस्पर्धी ठरू शकले असते अशा प्रयोगशाळांना एका गटात बांधले. पैसा हवा तर उंदरांवरचे आकडे छापण्याआधी एकमेकांना दाखवायचे. त्या कामाच्या धाग्यातून आजच्या दोन चाचण्या निघाल्या, टेशा आणि न्यूरोजीन या कंपन्यांच्या. दोन्हींत जनुकाला स्वतःची पातळी आवरणारा लगाम जोडलेला आहे. पहिल्या रुग्णांना २०२३ मध्ये मात्रा मिळाली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूरोजीनच्या चाचणीत जास्त मात्रा मिळालेल्या एका सहभागीचा मृत्यू झाला आणि ती मात्रा बंद केली गेली. कमी मात्रेचे काम पुढे चालू आहे.

या चाचण्यांत तुलनेसाठी दुसरा गट ठेवायचा कसा? मुलीच्या पाठीत किंवा मेंदूच्या पोकळीत सुई घालून निष्क्रिय द्रव सोडायचा, आणि आईला सांगायचे नाही? ते कोणी करणार नाही. मग जी मुलगी सहाव्या वर्षानंतर पुन्हा घास उचलून तोंडात घालते, तिच्याबाबत हे उपचारामुळे झाले की आपोआप झाले असते, हे ठरवायचे कशावरून?

२००६ ते २०२१ च्या त्या नोंदींवरून. एक हजाराहून जास्त मुली, वर्षानुवर्षे, कोण कधी काय शिकली आणि काय विसरली ते सगळे लिहिलेले. सहा वर्षांनंतर गेलेले कौशल्य आपोआप परत येणे किती क्वचित आहे, हे त्या नोंदींतून काढता येते, आणि जनुकोपचाराच्या निर्णायक चाचण्यांत दुसऱ्या गटाची जागा आता त्याच भरून काढत आहेत. ज्या कुटुंबांनी पंधरा वर्षे मुलीला गाडीत घालून तपासणीला नेले, डोक्याचा घेर मोजू दिला आणि रिकाम्या हाताने परतली, त्यांच्यातल्या काहींच्या मुली आज या जगात नाहीत. त्यांची माहिती मात्र आज ज्या मुलीला मात्रा मिळाली तिच्या शेजारी उभी आहे.